हिरव्या बॉनेटची धार

पाणी बदललं रे, किसन. बादली विसळली, तळाची बारीक रेतीची खर काढून टाकली, विहिरीचं ताजं पाणी काठोकाठ भरून आणलं. तू सांगितलंस तसंच केलं. शेडपासून विहीर चाळीस पावलांवर आहे. चाळीस जायची, चाळीस यायची, मध्ये दोन पोहरे ओढायचे. एवढ्यात माणूस जातो का?

आज नववा दिवस, आणि मी अजून तिथेच अडकलोय. मंगळवारी सकाळी साडेनऊ वाजता तू डॉक्टरांच्या गाडीच्या पुढच्या चाकाशी उकिडवा बसून चाकाच्या तारा पुसत होतास. बादलीत फडकं बुडवलंस आणि तसाच थांबलास. "मधू, पाणी बदल. ह्यात खर आलीया." मी कुरकुरलो, कारण ते पाणी मीच तासाभरापूर्वी आणलं होतं. म्हणालो, "मला बरी दिसत नाही!" तू वर न बघताच म्हणालास, "दिसत न्हाई, हाताला लागती." एवढंच आपलं शेवटचं बोलणं. त्यात पुन्हा माझी कुरकुर.

मी परत आलो तेव्हा तू चाकाला पाठ टेकून बसला होतास. मला वाटलं, जरा दम खातोयस. तेवढ्यात तू हळूच डावीकडे कललास आणि मातीवर आडवा झालास. मी बादली खाली ठेवली. टाकली नाही, ठेवली, पाणी सांडू नये म्हणून. याची मला अजून लाज वाटते. मग तुझ्यापाशी बसलो आणि छाती मोकळी करायला सदऱ्याची बटणं शोधायला लागलो. बटणं सापडेनात. मी वेड्यासारखा तुझ्या छातीवरून हात फिरवतोय आणि तिथे नुसतं कापड. बटणं पाठीला होती, किसन. पंधरा वर्षं तू रोज सकाळी सदरा उलटा चढवायचास आणि मागची बटणं मीच लावायचो. त्या दिवशीही मीच लावली होती. नेमकं त्याच वेळी मला ते आठवलं नाही.

शेजारच्या पेट्रोल पंपावरचा माणूस धावत आला. तो नवीन आहे, आपल्याला ओळखत नाही. म्हणाला, "सदरा उलटा कसा? घेऊन आलेत का सकाळी सकाळी?" मी त्याच्या अंगावर धावून गेलो. तुला उचलायचं सोडून त्याला ओरडून सांगत बसलो की रंगावर वाकताना बटण घासतं, ओरखडा येतो, म्हणून हा माणूस बटणं पाठीला घेतो! मग त्या बिचाऱ्यानंच तुझे पाय धरले. दवाखान्यात नेलं तेव्हा तिथल्या बाईंनी मनगट धरलं, डोळे बघितले आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी त्यांना म्हणालो, "अहो, आत्ता बोलत होता." त्या म्हणाल्या, "हो, असंच होतं." मला अजूनही कळत नाही, असंच म्हणजे कसं.

आपण काय काम करतो हे लोणावळ्यात कुणाला कधी धड कळलं नाही. "गाड्या पुसतात," म्हणायचे. तुला राग यायचा नाही, मला यायचा. मुंबईच्या लोकांचे इथे बंगले, बंगल्यात गाड्या, आणि बंगल्याचा माळी ती गाडी रोज कोरड्या फडक्यानं पुसून मालकाशी इमान राखणार. त्या इमानाच्या बारीक ओरखड्यांचं उन्हात कोळ्याचं जाळं दिसायचं. पावसाळ्याचे चार महिने रंगावर बुरशीचा धूर चढायचा, वर जांभळाचे डाग, माकडांच्या नखांचे ओरखडे. नवा रंग मारणारे पुष्कळ होते. आपण नवा मारत नव्हतो. वरचा मेलेला थर, कागदाहून पातळ, घासून काढायचा आणि खालचा जिता रंग वर आणायचा. कापडावर गाडीचाच रंग उतरतो तोवर ठीक. तांबूस दिसलं की खालचं अस्तर लागलं, म्हणजे रंग संपला. मग देवही आला तरी काही करू शकत नाही, असं तू म्हणायचास.

मी तुझ्याकडे आलो तेव्हा रेल्वेच्या डब्यांना चार इंची ब्रशनं रंग देणारा माणूस होतो. तू मुंबईच्या गॅरेजात बारा वर्षं काढून, बापामागं भातखाचरं बघायला जवळच्या औंढ्याला, आपल्या गावी परतलेला. पहिल्या दिवशी तू मला गाडीला हात लावू दिला नाहीस. फळीवर एक केस ठेवलास, वर वर्तमानपत्राचा कागद पसरलास आणि म्हणालास, "डोळं मीट. अंगठ्यानं केस हुडक." मला वाटलं, हा माणूस माझी चेष्टा करतोय. आठ दिवस लागले मला. तू दोन कागदांखालचा केस शोधायचास, आणि तेही माझ्याशी गप्पा मारत.

आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. मला मुंबईहून पॉलिशचं यंत्र आणायचं होतं, विजेवर गरगर फिरणारं. चार दिवसांचं काम एका दिवसात. तू ऐकून घ्यायचास आणि विचारायचास, "आन् त्याला धार आलेली कुटं कळती?" मी म्हणायचो, तुला कळते ना, बस झालं. तू म्हणायचास, "मग मला कळायचं तर माझाच हात लावू दे की." असं गोल गोल फिरून आपण पुन्हा चहावर यायचो. गेल्या आठवड्यात मी नवा मुद्दा काढून ठेवला होता, जोरदार. तो आता कुणाला सांगू?

धार. तिथेच यायचं होतं मला, आणि तिथेच येताना मी इतका वेळ इकडेतिकडे फिरतोय.

डॉक्टरांची ती गाडी. दोन माणसांपुरती, बुटकी, लांब नाकाची, विलायतेहून बोटीनं आलेली. हिरवा रंग इतका गडद की सावलीत काळी वाटावी. अशी स्पोर्ट्सची गाडी आता पैसे मोजूनही येत नाही, आणि तो रंगही इथे कुठे मिळत नाही. बॉनेटच्या मधोमध, नाकापासून काचेपर्यंत पत्र्याला उभी धार. धारेवर रंग सगळ्यात पातळ बसतो. म्हणून आपला नियम होता, तूच घातलेला: उजवी बाजू तुझी, डावी माझी, आणि कापड धारेच्या बोटभर अलीकडेच थांबवायचं. धार सगळ्यात शेवटी. तिला कापड लावायचं नाही. फक्त तुझा अंगठा, थोडी पेस्ट आणि तीन फेऱ्या.

तीन वर्षांपूर्वी भातकापणीला तू दोन दिवस खाचरावर गेलतास, "गेलतो" हा तुझाच शब्द, आता माझ्याही तोंडात बसलाय. जाताना म्हणालास, डावी बाजू कर, उजवी मी आल्यावर करतो. मी दोन्ही केल्या. तू येशील आणि बघशील आणि म्हणशील, वा रे मधू, एवढ्याच हौसेपायी. हात जोरात चालला होता आणि डावीकडून उजवीकडे जाताना दरवेळी बोटभर अलीकडे थांबायचा मला कंटाळा आला. पाच-सहा वेळा कापड तसंच धारेवरून नेलं. मग कापड उलटून बघितलं. हिरव्यात एक तांबूस रेघ होती, बारीक, शिवणीच्या दोऱ्याएवढी.

धारेकडे बघितलं तर ती हिरवीच दिसत होती. म्हणजे रंग अजून होता, पण नावाला. मी वर मेण लावलं. कापड अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातलं. दुसऱ्या दिवशी तू आलास, दोन्ही बाजू बघून म्हणालास, "आरं लय पळवलंस की!" आणि सदरा उलटा करून धारेवर वाकलास. मी पाठीमागे उभा होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, थांब किसन. माझ्या तोंडातून ते दोन शब्द फुटले नाहीत. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तू थांबलास.

तांदळाच्या कणीएवढा तांबूस ठिपका. तू ठिपक्याकडे बघितलं नाहीस, स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलंस. कितीतरी वेळ. मग म्हणालास, "मधू, मला लागलंच न्हाई रे."

आणि मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

चार दिवस तू तो ठिपका भरत होतास. हिरव्यात काळ्याचा थेंब, पिवळ्याचा थेंब, डब्याच्या झाकणांवर लावून सकाळच्या उन्हात बघायचं, पुसायचं, पुन्हा करायचं. थर देऊन वाळवायचं, घासायचं, पुन्हा थर. डॉक्टर आले तेव्हा त्यांना काहीच दिसलं नाही. तूच दाखवलंस. पंपावरचे दोघं-तिघं, शेजारचा पंक्चरवाला, सगळ्यांसमोर म्हणालास, "डाक्टरसाहेब, हितं माझ्या हातनं रंग गेला. भरलाय, दिसायचा न्हाई, पण गेलता. अंगठ्याला कळलंच न्हाई." डॉक्टर मुंबईचे मोठे सर्जन, सगळं आयुष्य हातावर काढलेला माणूस. त्यांनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेनं म्हणाले, "वयानं हात जातो, किसन. माझाही जाईल. कळलं की थांबायचं, एवढंच." वाईट बोलले असते तर तू विसरला असतास. मायेनं बोलले, म्हणून ते तुझ्या मनात घर करून बसलं.

ते गेल्यावर तू बारीक पेस्टची डबी माझ्या हातात दिलीस. "हितनं पुढं धारा तू करायच्या. माझा अंगठा बहिरा झालाय." मी नको नको म्हणालो, पण कशासाठी नको ते म्हणालो नाही. पुढच्या खंडेनवमीला तू पाटावर हत्यारं मांडलीस, त्यात तुझं कापड नव्हतं, माझं होतं. हळदकुंकू वाहिलंस आणि मला म्हणालास, "आदी तू फूल वाहा." मी वाहिलं, किसन. त्या फुलाची मला आजही शिसारी येते.

का नाही बोललो? पहिल्या दिवशी भीती. मग आठवड्यानं वाटलं, आता काय बोलायचं. आणि मग, खरं सांगतो, मला आवडायला लागलं. बंगल्यांवरून निरोप यायचे ते माझ्या नावानं. लोक मला उस्ताद म्हणायला लागले. तू चाकं पुसायचास, बंपर पुसायचास, काचा पुसायचास. कुणी रंगाचं विचारलं की माझ्याकडे बोट करायचास. आणि कधीकधी माझ्या हाताकडे अशा कौतुकानं बघायचास की मला तुझाच राग यायचा! एवढा कसा तू भोळा, एकदाही संशय कसा येत नाही, असा उलटा राग. चोर तो चोर आणि वर शिरजोर.

डॉक्टर मधली वर्षं परदेशात होते, गाडी मुंबईत झाकून होती. गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी ती परत आपल्या शेडमध्ये आली. तू तिच्याभोवती एक फेरी मारलीस, बॉनेटकडे न बघता, आणि चाकाशी जाऊन बसलास. सोमवारी दिवसभर मी दारं घासली आणि बॉनेट मुद्दाम मागं ठेवलं. संध्याकाळी ठरवलं, आता बस. उद्या सांगायचं. मंगळवारी दहाच्या चहाला सांगायचं, कप हातात असला की तू जागचा उठत नाहीस म्हणून. वाक्यसुद्धा तयार होतं. साडेनऊला तू म्हणालास, पाणी बदल.

आणि विहिरीवरून येताना मला काय सुचलं असेल? मी बादली घेऊन मनातल्या मनात ते वाक्य घोकत होतो. बादलीतली खर ज्याच्या बोटांना लागते, त्याला आपला अंगठा बहिरा झालाय असं वाटतं, आणि ते माझ्यामुळे, हे त्या चाळीस पावलांत पहिल्यांदा मला लख्ख कळलं. मी चालायचा वेग वाढवला होता, किसन. मी लवकर येत होतो.

शुक्रवारी औंढ्याला गेलो. वहिनी ओटीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. बायका उठून आत गेल्यावर त्यांनी मलाच विचारलं, "भावजी, तुमी रोज संगं हुता. ह्यांचा हात खरंच गेलता का वो?" म्हणाल्या, तीन वर्षं, जेवणं झाली की हे मला पेपराखाली माझ्या डोईचा केस ठेवाया लावायचे आणि डोळं मिटून हुडकायचे.

"सापडायचा?" मी विचारलं.

"रोज सापडायचा. दर बारीला. तरी म्हनायचे, सखू, तू ठेवताना मला चाहूल लागली म्हनून सापडला. एकदा मी केस ठिवलाच न्हाई. तर म्हनाले, हितं काय न्हाई. तरीबी त्यांना पटंना."

मी तिथेच, ओटीवर, सगळं सांगितलं. कापड, तांबूस रेघ, बंब, सगळं. वहिनी रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी ओरडायला हवं होतं. खाली बघत म्हणाल्या, "आदी सांगायचं हुतं. मला सांगून आता काय व्हनार? ह्यांनी चारचौघांत उबं ऱ्हाऊन सांगितलं, माजा हात गेला. तुमी बी चारचौघांत सांगा. त्या डाक्टरला सांगा, आन् दहाव्याला समद्यांम्होरं सांगा." मग आत वळून लेकीला म्हणाल्या, "भावजींना च्या टाक." तो चहा मी कसा प्यायलो, माझं मला माहीत.

रविवारी डॉक्टर आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. शेडमध्ये शिरता शिरता हाक मारली, "किसन कुठाय?" मी आधी ते सांगितलं. ते खुर्चीवर बसले. मग दुसरं सांगितलं. पंक्चरवाला पाना हातात धरून ऐकत होता, पंपावरचा तो नवीन माणूसही आला होता. मी सांगत गेलो आणि त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचं टाळत गेलो. डॉक्टर स्वतःच्या हातांकडे बघत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मी त्याचा हात हातात घेऊन बघितलासुद्धा नाही, मधुकर. न तपासता निदान केलं. विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी त्याला बाहेर काढला असता."

मग उठले आणि म्हणाले, "कुठं होतं ते? दाखव."

दोन्ही बाजू मी शनिवारी घासून ठेवल्या होत्या, बोटभर अलीकडे थांबून. धार तशीच होती, मंद, तीन वर्षांची. नाकापासून वीतभर मागे, ही जागा मला झोपेतही सांगता येईल. मी वाकलो, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. काही लागलं नाही. पुन्हा फिरवला. उन्हात गाडी ढकलली, तिरकं बघितलं, डॉक्टरांनी चष्मा काढून नाक टेकवून बघितलं, खिशातलं भिंग काढलं. जुना रंग कुठे संपतो आणि तुझा कुठे सुरू होतो, आम्हा दोघांना सापडलं नाही. हात गेलेल्या माणसाचं हे काम, किसन! ज्या दिवशी तुला वाटलं आपला हात संपला, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून चार दिवस खपून तू हे केलंस, आणि तुला त्यात काहीच दिसलं नाही. मी तिथे उभा होतो, मलाही दिसलं नाही. बघून घ्यायचंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "धार राहिलीय." मी म्हणालो, "ती राहू द्या. त्याचा रंग कुठे आहे ते मला कळत नाही. माझ्या हातनं पुन्हा जाईल." त्यांनी मान डोलावली. ती गाडी खंडाळ्याकडे निघाली तेव्हा बॉनेटच्या दोन्ही बाजू पाण्यासारख्या चमकत होत्या आणि मधून एक मंद रेघ जात होती. येणारेजाणारे म्हणतील, अर्धवट काम केलंय. म्हणू देत.

बारीक पेस्टची डबी मी तुझ्या फळीवर परत ठेवलीय. तुझा तो सदरा वहिनींनी धुऊन मला दिलाय. घालायचं धाडस नाही, आणि आता मागची बटणं लावायला कुणी नाही.

उद्या दहावा. नदीवर पिंड ठेवला की सगळे झाडाकडे बघत बसतील, कावळा लवकर शिवावा म्हणून हात जोडतील. कुणी म्हणेल, पोरांची काळजी करू नको, कुणी म्हणेल, खाचरं आम्ही बघतो. त्या सगळ्यांसमोर मी उभा राहणार आहे. भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. उद्यानंतर मला कुणी उस्ताद म्हणणार नाही, गाडीसुद्धा कुणी देईल की नाही, माहीत नाही. तू मात्र घाई करू नकोस, किसन. बसून राहा फांदीवर. मला पहिल्यापासून सांगायचंय, कापड धारेवरून नेलं तिथपासून ते तुझ्या अंगठ्याला कधीच काही झालं नव्हतं तिथपर्यंत. तेवढं सगळं ऐकून घे, आणि मग ये.